वहीच्या समासातील प्रश्नासाठी एक तास

प्रति,
मा. प्राचार्य,
ज्ञानज्योत पदवी महाविद्यालय, आदिलाबाद.

विषय : बी.ए. द्वितीय वर्षाच्या मराठीच्या तासाला एका माजी विद्यार्थिनीस बसू देणेबाबत.
संदर्भ : माझ्या नेमणुकीस मुदतवाढ देण्याबाबतचे आपले दि. २ डिसेंबरचे पत्र.

महोदय,

आपला वेळ घ्यावा की नाही, या विचारात आठ दिवस गेले. तरी सविनय सादर करतो.

१. गेल्या आठवड्यात मंगळवारी मी नेहमीची टिपणे वाचून दाखवत होतो. कु. दीक्षा काहीच लिहीत नव्हती. कारण विचारले असता म्हणाली, "सर, आईच्या वहीत सगळं हाय. इथं तुमी खिडकीकडं पाहता, तेही लिवलं हाय." मी तेव्हा खिडकीकडेच पाहत होतो. वर्ग हसला. मीही हसलो.

२. वही मागून घरी नेली. तिची आई दीपमाला बावीस वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात होती. टिपणे शब्दशः तीच. एका समासात पेन्सिलीने लिहिले आहे : "आमी घरी बोलतो तशा बोलीत कविता लिवली तर चालते का? सरांना विचारू." त्याखाली शाईने : "नको. सर कंटाळले हायेत."

३. ते खरे होते. माझा कंटाळा मुलांनी विषयाचाच मानला. विद्यार्थी उत्तीर्ण होतात, म्हणून आजवर तक्रार आली नाही. ही पहिली तक्रार मी माझ्याविरुद्ध करीत आहे.

४. दीपमालाबाई आता नेरडीगोंड्याला अंगणवाडी चालवतात. आई कविता लिहिते का, असे दीक्षाला विचारले. "नाही जी, कवाच नाही," म्हणाली.

५. मावला गावातल्या घरी मी एकटाच असतो. दिवसभरात माणसांशी बोलणे होते ते वर्गातच, आणि तेही कागदावरून. त्यामुळे मुदतवाढीचा अर्ज भरला आहे, पण सही करवत नाही.

तरी येत्या शनिवारी दीपमालाबाईंना माझ्या तासाला बसू द्यावे आणि तसे फाटकावर कळवावे, ही विनंती. त्या येतील की नाही, हे मला ठाऊक नाही. आल्या, तर त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देईन. सहीचे त्यानंतर पाहीन.

उत्तर लिहून काढले होते. ते कागद आपल्याकडे ठेवून घ्यावेत, म्हणजे मला वाचून दाखवता येणार नाही.

आपला नम्र,
दौलत गजभारे
अतिथी अध्यापक, मराठी
दि. १२ डिसेंबर २०२४

सोबत :
१. वहीच्या पानाची झेरॉक्स
२. मुदतवाढीचा अर्ज (सही नाही)
३. उत्तराचे कागद, चार