जावयाची रायफल आणि कुंकवाचा तांदूळ

झिंडेलफिंगेन, गुरुवार

प्रिय मित्र श्यामकांत यास,

विलासचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा, अहिल्यावहिनींचा रक्तदाब आणि तुमच्या सोसायटीची लिफ्ट अशी तिन्ही मंडळी धड असतील अशी आशा करतो. (लिफ्ट बिघडली की बाकीची दोन आपोआप बिघडतात, हे मी चांगलं ओळखून आहे.) मी इथे खुशाल आहे. किती खुशाल, ते ग्रुपवर लिहायची सोय नाही. तिथे देवदत्त वाचतो, आणि त्याने वाचलं की खडकी बाजारात वेगळी दवंडी पिटावी लागत नाही. आमच्या जावईबापूंच्या, म्हणजे रुपेशच्या, ऑफिसातला एक जण उद्या पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. वाच आणि फाडून टाक.

निघताना मी तुम्हा सगळ्यांसमोर काय गर्जना केली होती ती तू विसरला नसशीलच. जावयाच्या घरी दीड महिना, वर एक दिवस नाही; लेकीच्या घरचं पाणीही न पिणाऱ्या आजोबांचा मी नातू, वगैरे. पहिले तीन आठवडे तर मला दीड महिनासुद्धा जड जाणार अशीच चिन्हं होती. इथे करायला काही नाही रे. भांडी मशीन घासतं. कचरा काढावा म्हटलं तर चहाचा चोथा कुठल्या डब्यात टाकायचा हे लेकीला, स्वरूपाला, दोनदा विचारूनही मी तिसऱ्या वेळी चुकलो. रविवारी दाराचं कुलूप दुरुस्त करायला घेतलं, तर शेजारच्या आजीबाई आवाज नको म्हणून सांगायला आल्या. चौतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढलेला माणूस मी. रिकामे हात मला सोसत नाहीत, हे तुला सांगायला नको.

आता रायफलीचं ऐक. रुपेश गेली दोन वर्षं इथल्या नेमबाजांच्या फेराईनमध्ये (म्हणजे मंडळात) जातो. झुरळ मारायला स्वरूपाला हाक मारणारा हा मुलगा बंदूक चालवतो हे मला खरं वाटेना, पण ऑफिसातली मंडळी जातात, नेमबाजी झाल्यावर बिअर असते आणि स्वाबियन (म्हणजे या भागातला) माणूस बिअरनंतरच मोकळा होतो, असं त्याचं शास्त्र आहे. नियमाप्रमाणे परीक्षा झाली, हजेरी भरली, केलरमध्ये (तळघरात) पोलादी तिजोरी बसली, आणि सरकारने एक मोठ्या कॅलिबरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायचं परवान्यावर लिहून दिलं. मुदत एक वर्ष. त्यातले अकरा महिने जावईबापूंनी कुठला भाग कुठून घ्यायचा याची एक्सेल शीट करण्यात घालवले. तयार रायफल घ्यायची नाही, प्रत्येक भाग जगात सर्वोत्तम असेल तो निवडायचा आणि परवानाधारक बंदूकवाल्याकडून जोडून घ्यायचा, असा बेत. नळी, चाप, दस्ता, नळीवरचं आवरण, सगळ्यांना दहापैकी गुण. आमच्या स्वरूपाला पसंत करताना याने एवढा अभ्यास केला नव्हता.

घोळ असा आहे श्याम, की लहान कॅलिबरच्या रायफली सरळ स्वभावाच्या. कुणाचाही भाग कुणालाही बसतो. मोठ्या कॅलिबरमध्ये मात्र प्रत्येक कारखान्याचं घराणं वेगळं. आपल्याकडे लग्नात सगोत्र चालत नाही, इथे सगोत्राशिवाय काहीच चालत नाही. आणि दोन भाग एकमेकांशी जुळले तरी ते सरकारशी जुळतीलच असं नाही. रायफल लष्करी दिसता कामा नये असाही एक नियम आहे. (रुपेशच्या हातात कोणतीही वस्तू लष्करी दिसणं कठीण, पण कायद्यात तशी सूट नाही.) खोकी आली, रुपेशने जेवणाच्या टेबलावर मांडली, आणि मी हात मागे बांधून उभा. कारण मुख्य भाग अजून बंदूकवाल्याकडे असले आणि ही नुसती किरकोळ मंडळी असली, तरी माझी नात अन्वी कुठूनतरी ऐकून बसली होती की आजोबांकडे परवान्याचा कागद नाही. मी नुसता वाकलो तरी जर्मनमध्ये ओरडायची, “ओपा, निष्ट आनफासेन!” आजोबा, हात लावू नका! वय वर्षं आठ. तरी मी तीन हातांवरून सांगितलं की आवरणाचा खांदा तिरपा आहे आणि बंदूकवाल्याकडच्या सांगाड्याचा फोटोत दिसणारा खांदा गोल, हे लग्न लागायचं नाही. त्यावर जावईबापू प्रेमाने म्हणाले, “बाबा, कंपॅटिबल आहे, वेबसाइटवर लिहिलंय.” मी मागचे हात आणखी घट्ट बांधले. जावई तो जावईच.

मग खंडेनवमी आली. आपण दर वर्षी कारखान्यात गेजची, लेथची, अगदी टेबलपंख्याचीसुद्धा पूजा करायचो, ते आठवून मीच हट्ट धरला. पाटावर लाल कापड, त्यावर सगळे भाग, झेंडू मिळेना म्हणून शेवंती. स्वरूपाने हळद-कुंकू वाहिलं, मी कुंकू लावलेल्या अक्षता टाकल्या. हात न लावता टाकायच्या म्हणून जरा लांबून टाकल्या, आणि भक्तिभावाने जरा जास्तच टाकल्या.

शनिवारी टेर्मिन होती, म्हणजे भेटीची वेळ ठरली होती. बंदूकवाले हेर (म्हणजे श्रीयुत) आयझेले, वय अठ्ठ्याहत्तर, निळा एप्रन, कपाळावर भिंग. त्यांनी रुपेशचं एकेक खोकं उघडलं, लांब श्वास घेतला आणि एकेकाला “नाइन”, म्हणजे नाही, म्हणत गेले. आवरण, नाइन. खांदा तिरपा! (मी रुपेशकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघून हसलो.) दस्ता, नाइन. चाप मात्र जागेवर बसला, पण दाबला की परत येईना, अर्ध्यात अडकायचा. झालं, मला स्फुरण चढलं. मालच सदोष, तपासणी न करता पाठवलाय, असा माझा निकाल रुपेशने तिथल्या तिथे त्या दुकानाला ईमेलने कळवला, आणि मी आणखी दोन कडक वाक्यं सांगून घालायला लावली. तेवढ्यात आयझेल्यांनी चाप उलटा केला, चिमटा आत घातला आणि कागदावर काहीतरी ठेवलं. लाल तांदूळ. मग दुसरा. मग शेवंतीची पाकळी.

श्याम, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ते असं. धुळीच्या एका कणासाठी मी लॉटच्या लॉट परत पाठवलेत, आणि इथे माझ्याच हातचा तांदूळ! रुपेश बिचारा मला वाचवायला निघाला होता, पॅकिंगमधून आलं असेल असं काहीतरी पुटपुटत होता. मला ते बघवेना. मी शाळेतल्यासारखा हात वर केला आणि सांगून टाकलं की हा दोष माझा. पूजा म्हणजे काय हे रुपेशला जर्मनमध्ये समजावताना घाम फुटला. आयझेले हसतील, नाहीतर हाकलतील असं वाटलं होतं. त्यांनी काय केलं सांगू? एक छोटी पिशवी काढली, ते दोन दाणे आणि पाकळी तिच्यात घातली, वर चिठ्ठी चिकटवली: बाहेरचा पदार्थ, दोन अधिक एक, तारीख, सही. आणि सहीसाठी पेन माझ्यापुढे केलं. मी सही केली. अगदी हेच मीही केलं असतं रे! त्यांनी माझ्याकडे एकदा भिंगातून बघितलं, म्हणाले, “आल्झो,” म्हणजे बरं तर, आणि कामाच्या बाकाजवळचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

तेव्हापासून मी तिथे जातो. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी. पण शून्य ते नऊ आकडे मला जर्मनमध्ये येतात आणि आमच्या धंद्यात तेवढे पुरतात. ते भाग भिंगाखाली धरतात, मी हात मांडीवर ठेवून बघतो आणि “गूट” (ठीक) किंवा “नाइन” म्हणतो. आजवर तीनदा मतभेद झाला. दोनदा मी बरोबर होतो. रुपेशचे भाग बदलून आले, सगळे एकाच घराण्याचे, आणि मुदत संपायच्या नऊ दिवस आधी आयझेल्यांनी रायफल जोडून त्याच्या स्वाधीन केली. रविवारी फेराईनमध्ये त्याने पहिल्या पाच गोळ्या झाडल्या. पाचही वर्तुळाच्या मधोमध, अगदी एकाला एक लागून. फक्त शेजारच्याच्या लक्ष्यावर. रायफलीत काहीही दोष नाही, असं मी जागेवरच प्रमाणपत्र दिलं.

आता पुरे करतो. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, आणि तू पायऱ्या जपून उतर.

तुझा,
विलास

ता. क. पुढच्या शनिवारी मला आणायला येऊ नकोस. स्वरूपाने मला न विचारता तिकीट पुढे ढकललं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यावर. व्हिसा तिथपर्यंतच आहे. लेकीचं मन मोडवत नाही. देवदत्तला आणि इतरांना सांग की माझ्या कानाला दडा बसलाय आणि डॉक्टरांनी विमान बंद केलंय. खोटं तुला माझ्यापेक्षा बरं जमतं.

ता. क. दुसरं. माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहेच. गोदरेजच्या कपाटात डावीकडच्या खणात माझं तपासणीचं जुनं भिंग आहे, कातडी पाकिटातलं. पत्र आणणारा माणूस पुढच्या रविवारी परत निघतोय, त्याच्याकडे तेवढं न विसरता दे. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. तिसरं. तिकिटाचं वर खोटं लिहिलं. स्वरूपाने नाही, मीच तिला ढकलायला सांगितलं. आमची मनोरमा गेल्याला आता चार वर्षं होतील. या चार वर्षांत ‘उद्या किती वाजता येताय?’ असं मला कुणी विचारलं नव्हतं. आयझेले रोज दुकान बंद करताना विचारतात. मी आठ सांगतो, आणि पावणेआठला जाऊन दारात उभा राहतो.