आठ सिलिंडरची बाजू मांडताना

ती. भाऊजींस, कंबर धरल्यामुळे उभ्या उभ्याच नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? ताईचा रक्तदाब, घरात माझं नाव निघत नसेल तर, ताब्यात असावा. मी बरा आहे. गेल्या खेपेला जेवताना तुमच्या विजेच्या गाड्यांच्या वर्गाला मी ‘खेळणी दुरुस्तीचा वर्ग’ म्हणालो होतो, ते आपण विसरला असाल (मोठ्या मनाची माणसं विसरतात).

तर बारा ट्रकांचे ते एकटे मालक तुम्हाला माहीतच आहेत. बाराही ट्रक मोठ्या पेट्रोल इंजिनाचे, आणि माझं गॅरेज चालतं ते त्यांच्याच जिवावर. ते सगळे विकून विजेचे घ्यावेत असं त्यांच्या मनात आलं. म्हणजे माझ्या पोटावर पाय. मी म्हटलं, विकण्याआधी एकदा माझ्याबरोबर चढावर चला, मोठ्या इंजिनाचं भवितव्य तिथेच दिसेल. माझा आठ सिलिंडरचा जुना ट्रक मी स्वतः घासूनपुसून काढला (बायको म्हणाली, एवढी माया स्वयंपाकघरातल्या नळाला लावली असती तर तो वर्षभर गळला नसता), मागे सिमेंटची पोती भरली आणि मालकांना शेजारी बसवून निघालो. अर्ध्या चढावर त्यांनी दोनदा विचारलं, की ही ठकठक कसली. मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगितलं, की मोठं इंजिन ओझं ओढताना बोलतं. पुढच्या वळणावर त्याने बोलणं कायमचं थांबवलं.

मागून एक बेकरीवाल्या बाई आपली छोटी विजेची व्हॅन घेऊन आल्या. उतरून म्हणाल्या, “काका, पायथ्यापासून ठोकत होतं की. मला मागे ऐकू येत होतं.”

नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायाने मी पेट्रोलला दोष दिला. मालक पुढे बाईंच्या शेजारी बसले आणि मी मागे पावाच्या ट्रेमध्ये. वाटभर दोघांचं काहीतरी चाललं होतं, मला एक अक्षर कळलं नाही. गाडीच्या आवाजात बुडालं म्हणावं, तर त्या गाडीला आवाजच नव्हता. उतरल्यावर मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मात्र सगळं कळलं.

तरीही माझं मत ठाम आहे. मोठ्या इंजिनाला मरण नाही.

आपला पेट्रोलवाला मेहुणा

ता. क. मालकांनी बाराही ट्रक विकायला काढले आहेत.

ता. क. २. परवा डॉक्टरांकडे जाऊन आलो. उजवा कान गेला, डावा अर्धा राहिलाय. जन्मभर इंजिनांना कान लावून त्यांचं दुखणं ओळखलं, त्याचंच हे फळ. घरी सांगितलेलं नाही. भाऊजी, भीती वाटते. तुमच्या वर्गात मीटर बघून काम करतात ना? एक जागा ठेवा. पहिल्या बाकावर.

ता. क. ३. उत्तर पत्रानेच द्या. फोन करू नका.