शेपटीची जागा

शुक्र. १५ डिसेंबर १९६७. लोणावळा
कोयनेच्या भूकंपाला चार दिवस झाले. त्या पहाटे इथेही फळीवरची भांडी वाजली होती. आज जेवणाच्या सुट्टीत आमचे मुकादम गेनूभाऊ यांनी परस्पर ठरवून टाकलं. हातगाडी घ्यायची, चालत पुण्याला जायचं, वाटेतल्या गावांतून गोधड्या, घोंगड्या, धान्य मागायचं आणि तिथे मदतीच्या ट्रकांवर चढवायचं. आमच्या रेल्वे गँगमधले सहा जण जाणार. बाकीचे आमच्या वाटची लाइन सांभाळणार. साहेबांनी रजा दिली, हेच आश्चर्य.

माझं नाव न विचारताच घातलं. "मास्तर, तुलाबी यायचंय. हितं बसून पार सुकाया लागलाईस." रोजनिशी लिहितो म्हणून मी मास्तर.

आषाढात आमच्या गँगमधला सखाराम बोगद्यात गेला. तेव्हापासून मी बोगद्यात पाऊल टाकलेलं नाही. भाऊ मला बाहेरची कामं देऊन झाकून नेतात. पण साहेबांनी काल बजावलं, बुधवारपासून आत, नाहीतर दौंडला बदली. म्हणजे गँग सुटली. ही माणसं सोडून मी कुठे जाणार? दुसरं आहे कोण मला.

शनि. १६. कामशेत
उजाडताच निघालो. रस्त्यावर चालणं आम्हाला येत नाही हे आज कळलं! रुळांखालच्या स्लीपरवर चालून चालून पाऊल आखूड पडायची सवय झालीय. मोकळ्या डांबरी रस्त्यावरही तसंच, आणि तेही एकामागे एक. लोक बघून हसत होते. पोटऱ्यांचे गोळे झालेत.

कार्ल्याच्या एका म्हातारीने गोधडी देताना ठिगळ दाखवलं. "ह्यो माज्या लग्नातला खण. जे कोन पांगरंल त्येला सांगा." कुणाला सांगणार, पण हो म्हटलं.

आमच्या गँगमधल्या इब्राहिमचे रोजे चालू आहेत. तरी गाडीचा दांडा सोडत नाही. आम्ही त्याच्यासमोर पाणी प्यायचं टाळलं तर उखडला. "रोजा माजा हाय, तुमी कशापायी मरताय?" संध्याकाळी इथे त्याच्या बहिणीकडे त्याच्याबरोबर सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला. मग भाकरी, कालवण. बहिणीने आधीच दोन कांबळी बांधून ठेवली होती.

एक लिहायचं टाळत होतो. ओळीत मी शेवटी होतो. माझ्या मागे कुणी नव्हतं. तरी दिवसभर मागे पाऊल वाजत होतं. आखूड, आमच्यासारखं. मागे पाहिलं नाही.

रवि. १७. तळेगाव
पाय दुखतात. (सगळ्यांचेच.)

वडगाव सोडल्यावर मागून ट्रकचा भोंगा. आम्ही सहाच्या सहा जण उडी मारून कडेला, बांधाला पाठ लावून उभे, एक हात वर. लाइनीवर गाडी आली की करतो तस्सं. आणि हातगाडी? ती रस्त्याच्या मधोमध. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला तरी गाडीला धक्का लागलाच, गोधड्या रस्ताभर. खाली उतरून त्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग पाहिलं तर आमचे हात अजून वरच. हसत सुटला बिचारा. गोधड्या गोळा करू लागला, जाताना स्वतःचं कांबळंही टाकून गेला.

ट्रक गेला, आणि गेनूभाऊंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मागं?"

सगळ्यांचं हसू तिथेच मेलं.

बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून मुकादम हेच विचारतो. शेवटच्या माणसाने थांबायचं, वळायचं, कंदील वर धरून अंधारात बघायचं आणि हाळी द्यायची, "मागं कुणी न्हाई." मगच हिरवा बावटा. ती शेपटीची जागा सखारामची. त्या दिवशी त्याने हाळी दिली, आणि बाहेर पडता पडता वरची दरड आली. कुणाची चूक नव्हती. मागे कुणी नाही म्हणणारा तेवढा मागे राहिला.

गँगच्या रिवाजाने त्याच्या पुढचा माणूस आता शेपटीला. म्हणजे मी. तेव्हापासून हाळी कुणीच दिलेली नाही, भाऊ स्वतः डोकी मोजतात.

आज भर रस्त्यावर, उन्हातसुद्धा, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. इब्राहिमच म्हणाला, "चला, चला, दिवस मावळायच्या आत तळेगाव गाठू."

सखाराम दिसेल म्हणून मी भीत नाही. वळून पाहिलं आणि नसला तर...

सोम. १८. देहूरोड
सोमाटण्याहून शिरगावला आत वळलो. तिथे सखाची आई. मी म्हटलं, कशाला तिला त्रास. भाऊ म्हणाले, "तिच्या दारावरनं तसंच जायाचं व्हय?"

मावशीने पाणी दिलं, तांदूळ आणून ओतले. ती वाळलीय. सगळ्यांचे पाय बघितले, तेल दिलं. मग एकदम विचारलं, "आता शेवटाला कोन असतंय?"

भाऊ पायाला तेल चोळत राहिले. शेवटी इब्राहिम म्हणाला, "कुणीच न्हाई, मावशी."

"आन् हाळी?"

"न्हाई देत कुनी."

ती माझ्याकडे वळली. "मग त्यो तितंच उबा हाय की रं! तुमी समदी भायेर आलाय का न्हाई ते बगत. सपनात येतोय माज्या. भिजल्याला. म्हंतो, आये, भाऊंनी अजून बावटा न्हाई दावला."

मी म्हटलं, मावशी, मला जमेलसं वाटत नाही.

"मी पोरगा जाळला," ती म्हणाली. "आन् तुला चार शबूद जड झालं?"

राग आला तिचा. खूप राग आला. हाळी दिली म्हणजे तो नाही असं मीच सांगायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. इतके महिने तो निदान माझ्या मागे तरी होता.

मंगळ. १९. पुणे
पोचलो.

दापोडीच्या पुलावर माझा गुडघा गेला. इब्राहिमने काही विचारलंच नाही, उचलून गोधड्यांच्या ढिगावर टाकलं. उपाशी माणूस मला ओढतोय, मी वरून शिव्या घालतोय, आणि भाऊ म्हणतात, "ह्यो माल पुण्यात कुणी घेनार न्हाई." हसलो. रडलोही.

तोंड मागच्या बाजूला होतं. निघाल्यापासून मागचा रस्ता पहिल्यांदाच पाहिला. सायकलवाले, एक बैलगाडी, ऊन. तो नव्हता. मला बरं वाटलं नाही.

शेवटच्या पल्ल्याला भाऊंनी उतरवलं. "बसून पोचलास तर जलमभर कुरकुरशील." दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, मदतीचे ट्रक उभे होते त्या मैदानात शिरलो. गाडी ट्रकवर रिकामी केली. स्वयंसेवकाला खणाच्या ठिगळाचं सांगितलं. तो म्हणाला, बरं. परतीच्या गाडीत झोपलो, इब्राहिमच्या मांडीवर डोकं.

बुध. २०. लोणावळा
गुडघा टम्म. भाऊ म्हणाले, साहेबाला मी सांगतो, आज ऱ्हाऊ दे. मी नको म्हटलं.

आत गेलो. तोच ओला वास. काम झालं, अवजारं उचलली, ओळ लागली. मी शेपटीला. इब्राहिम माझ्या पुढे, मुद्दाम मागे न बघता चालत होता. पण हळू. माझ्या गुडघ्यासाठी.

तोंडाशी भाऊंनी विचारलं, "मागं?"

थांबलो. वळलो. कंदील वर केला. उजेड जातो तिथवर रूळ, खडी, भिंतीवरून गळणारं पाणी. त्यापुढे काळोख. बराच वेळ बघितलं. कुणी घाई केली नाही.

दिली हाळी. आवाज फाटला, पण दिली. भिंतींवरून परत आला तो माझाच होता, असं इब्राहिम म्हणतो.

मी बाहेर येऊन ओळीत उभा राहिलो. भाऊंनी हिरवा बावटा धरला, आणि धरूनच ठेवला. मग बोगद्याकडे बघत ते पाऊलवाटेवरून बाजूला झाले, अवजारं घेऊन येणाऱ्याला आपण वाट देतो तसे.