मावशीचं बिल

अण्णा, तुम्ही माधवनगरच्या मिलचं सूत विकायला वाईला जायचात तेव्हा मुक्काम ठरलेला, आत्याकडं. जाताना पेढ्यांचा पुडा आणि केळी. परत आलात की मालक आधी विचारायचे, "बहीण बरी हाय न्हवं?" तुम्ही "व्हय" म्हणालात की पेढ्यांसकट सगळा खर्च हातावर. अजून दिसतं मला, तुम्ही पाटावर बसून हे सांगताय आणि आई भाकरी थापता थापता हसतेय.

मी आता सांगलीत, पंप विकणाऱ्या एका कंपनीत आहे. माझ्या हाताखाली एक गडी होता, दोन लेकरांचा बाप, कामाला लय चोख. कोरेगावला गेला की मावशीकडं राहायचा. पण आमच्याकडं लॉजचं बिल नाही तर मुक्काम नाही, आणि मुक्काम नाही तर दौराच झाला नाही! मग त्यानं ओळखीच्या लॉजवाल्याकडून बिल आणलं. नेमका त्या दिवशी लॉज दुरुस्तीसाठी बंद. पुण्याच्या हापिसानं चौकशी केली आणि सापडला. माझ्यापुढं उभा राहून म्हणाला, "आवं साहेब, मी कोरेगावात राहिलो न्हाई का? काम केलं न्हाई का? मावशीकडं रिकाम्या हातानं कसं जायाचं, तुमीच सांगा." खोटं बिल ते खोटंच, अण्णा. तुम्ही त्याला फाडफाड बोलला असता, आणि मग त्याच्यासाठी मालकांच्या दारात उभेही राहिला असता. मीही पुण्याच्या साहेबांना म्हटलं, एकदा मावशीला फोन करून विचारा. ते हसले. "मावशी पुरावा होत नाही." त्याला काढला. माझं काही चाललं नाही. त्याच्या बायकोचा फोन येतो, तो उचलायची छाती होत नाही.

आज मी वाईत आहे, लॉजवर. खिडकीतून घाट दिसतो, त्याच्या मागच्या आळीत आत्याचं घर. फार थकलीय आता. मघाशी तिचा फोन आला, "वाईत आलायस म्हणं? तुझ्या वाटची भाकरी टाकू का रं?" मी म्हणालो, "न्हाई गं आत्या, साताऱ्यातनंच माघारी फिरलो." ती म्हणाली, "बरं बाबा, जपून जा."

हे पत्र टाकायचं तरी कुठं? घडी करून खिशात ठेवतोय, लॉजच्या बिलाशेजारी. बिल अगदी खरं आहे, अण्णा.