मारुतीमागच्या चिंध्या

बाबा, आज विमा कंपनीचा माणूस दुकान तपासून गेला. मलकापुरातलं आपलं खेळाच्या सामानाचं दुकान आता मी चालवते. तुम्हाला हे मुळीच आवडलं नसतं. "बाईच्या हातची बॅट कोन घेईन?" म्हणाला असतात. घेतात बाबा, मुकाट्याने घेतात. त्या माणसाने पाण्याच्या बादल्या पाहिल्या, वाळू पाहिली आणि भरायचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यात एक रकाना होता : पूर्वी कधी आग लागली होती का, लागली असल्यास कारण. मी पेन धरून बसून राहिले. तुमची आठवण आली, आणि खोटं कशाला सांगू, प्रेमाने नाही आली.

आधी आठवला तो वेत. तेव्हा वऱ्हाडावर राज्य असलेल्या नागपूरच्या सरकारने शाळाशाळांत कवायत सुरू केली त्या दिवसांत हेडमास्तर लोक तुमच्याकडून लेझीम न्यायचे, फुटबॉल न्यायचे आणि जाता जाता एखादा वेतही न्यायचे. वेत लवतो कसा हे दाखवायला तुम्ही मला हाक मारायचात. "इकडे ये वं, पाय कर." मी परकर जरा वर धरायचा, की पोटरीवर सटकन एक. "पाहा गुरुजी, तुटाचं नाव नाही." गुरुजी हसायचे. मी अकरा वर्षांची होते, आई कधीच गेली होती. ओसरीवर फुटबॉल शिवत बसणारे चाचा तेवढे मान खाली घालायचे. रोहिणखेडचा म्हातारा माणूस, पण चामडं शिवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गिऱ्हाईक गेलं की ते भिजवलेल्या कातड्याचा गार तुकडा माझ्या पोटरीवर ठेवायचे. "दोन मिनिट राहू दे बेटी, आग जाईन." चाची वारल्या तेव्हा गावच्या मशिदीत कसम घेऊन त्यांनी बिडी सोडली होती. तेव्हापासून त्यांच्या खिशात बडीशेप असायची, आणि त्यातली अर्धी माझ्या पोटात जायची.

बॅटी आणि आखाड्यात फिरवायच्या लाकडी जोड्या जवसाच्या तेलाने पुसायचं काम माझं. पुसून झालेल्या चिंध्या फेकायच्या नाहीत, हा तुमचा नेम. बलाचं सामान मारुतीचं, त्याची चिंधी पायदळी येऊ द्यायची नाही. म्हणून त्यांचं गाठोडं बांधून कोनाड्यात मारुतीच्या तसबिरीमागे ठेवायचं. दुकानाचा विमा उतरवला तेव्हा एजंटाने अट वाचून दाखवली होती : तेलकट चिंध्या दुकानात साठवू नयेत, बाहेर मोकळ्या वाळत टाकाव्यात. "मालक, जवसाच्या चिंध्या कोंडून राहिल्या की आपोआप पेटतात," तो कळकळीने म्हणाला. तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. "आपोआप पेटते म्हने! मंग आमची चूल काऊन नाही पेटत बे आपोआप?" सगळं दुकान हसलं. तुम्ही सही केलीत आणि गाठोडं जागच्या जागी राहिलं.

वैशाखातली दुपार. तुम्ही मागे घरात झोपलेले, चाचा ओसरीवर, मी एकटी आत. मारुतीच्या मागून धूर निघाला. आधी मला वाटलं, उदबत्ती असेल. पण उदबत्ती सकाळीच विझली होती. मग गाठोडं भडकलं, आणि तेल पिऊन बसलेल्या बॅटींना कितीसा वेळ लागतो! चाचांनी मला काखेत उचलून बाहेर टाकलं आणि ते पुन्हा आत शिरले. तुमचा माल ओढून काढताना त्यांचे दोन्ही तळवे भाजले. अर्धं दुकान गेलं.

पुढचं सगळ्या मलकापूरला ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी कंपनीचा साहेब चौकशीला आला आणि कागदावर कारण लिहून गेला : ओसरीवरच्या कारागिराची बिडी. कंपनीने भरपाई दिली. चाचांना तुम्ही भाजल्या हातांनिशी हाकललंत. "माह्या अन्नावर जगून माह्याच घराले आग लावतं?" ते खिशातली बडीशेप पायरीवर ठेवून गेले. कापसाच्या गावात आगीचं बालंट आलेल्या माणसाला काम कोण देणार? एकाही जिनिंग कारखान्याच्या फाटकातून त्यांना आत घेतलं नाही. फोड आलेल्या हातांनी मोताळ्याच्या रस्त्यावर गिट्टी फोडत होते म्हणे. पुढच्या दिवाळीआधीच गेले. गाव म्हणालं, मालकाने विम्यापायी म्हाताऱ्याचा बळी दिला आणि पोरीला खोटं बोलायला लावलं. सासरी मीही हेच सांगत आले. तुमच्या मयतीला आलेल्यांनाही हेच सांगितलं.

पण तुम्ही मला एवढंच बजावलं होतं, "चिंध्याइचं नाव काढलं तं जीभ हासडीन." बिडी तुम्ही सांगितली नव्हती. साहेबाने विचारलं, "बाळ, तू काय पाहिलंस?" तुम्ही माझ्या मागे उभे होतात, हातात आगीतून वाचलेला वेत. चिंध्या म्हणता येईना आणि काहीतरी तर म्हणायलाच हवं होतं. समोर ओसरीवर चाचा बसले होते, तळव्यांना पाला बांधून.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझं मनगट धरलंत. हाताला जोर नव्हता. "पोरी, खरं सांग. तू त्याच्या हातात बिडी पाह्यली होती ना?" तेव्हा मला कळलं, इतकी वर्षं तुम्ही माझ्या शब्दावर विसंबून होतात. चिंधी आपोआप पेटत नाही आणि आपली मुलगी खोटं बोलत नाही, या दोन गोष्टींवर तुमचा सारखाच भरवसा. वेत कधीच मोडला होता, आता भ्यायचं काय होतं? तरी मी म्हटलं, "हाव बाबा, पाह्यली होती." "मंग बरं," म्हणालात आणि डोळे मिटलेत. तुमची दया आली म्हणून नाही बोलले. जन्मभरात तुमच्याकडून मला मिळालेली चांगली गोष्ट ती एकच होती, तुमचा विश्वास. ती माझ्याने सोडवेना.

आता ते सरकार नाही, ती कंपनीही नाही. चिंध्या मी रोज मागच्या तारेवर उन्हात टाकते. आजच्या माणसाने त्या पाहून शाबासकीही दिली. मग त्याने कागद-पेन स्वतःकडे ओढून विचारलं, "बाई, कारण काय लिहू?" विचारणारा परका, मागे कुणी उभं नव्हतं.

मी म्हटलं, बिडी.