बोलणं झालं की ठेवायचं

२ नोव्हेंबर

आबांनी फोन परत केला!

माझ्या हातात आणून दिला असता तर एक वेळ समजलं असतं. दिला मंगलकडे. मंगल त्यांच्या शेजारची, दोन्ही वेळचं जेवण तीच करून देते. सकाळी सकाळी तिचा फोन— "उपासनाक्का, आबांनी ते डबडं माझ्या हातात दिलंय. पोरीला परत दे म्हणत्यात. नको म्हणत्यात आता." का नको? "त्ये काय सांगत न्हाईत बगा."

आई गेल्यापासून आबा निपाणीत एकटे. वय अठ्ठ्याहत्तर. आमचं जे काही बोलणं-चालणं आहे ते त्या बटणांच्या फोनवर. आणि म्हणे नको! बरं. नको तर नको. माझ्याशी बोलायचंच नसेल तर फोन हवा कशाला?

सुगत बँकेत जायच्या घाईत मोजे शोधत होता. मोजे शोधता शोधताच म्हणाला, "जाऊन ये की एकदा." सगळ्या नवऱ्यांना सगळं किती सोपं वाटतं! जाणार नाही. जुलैपासून गेले नाही, आता काय डबडं आणायला जाऊ?

३ नोव्हेंबर

झोप नीट झाली नाही. लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

जुलैत रिपोर्ट आला. डाव्या स्तनात कॅन्सर. सुगत डॉक्टरांसमोर माझ्या शेजारीच बसला होता. आबांना मात्र फोनवर सांगावं लागलं. इथे पिरनवाडीच्या घरात मागच्या जिन्यावर बसले, शब्द आधी जुळवून घेतले आणि एका दमात म्हटलं— आबा, गाठ कॅन्सरची निघाली, ऑपरेशन करायचं ठरलंय, घाबरू नका, पण तुम्ही या.

तिकडून काय? "व्हय व्हय. बरं झालं. जेवलीस न्हवं? ठेव आता." आणि ठेवला!

बरं झालं!!

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, कॉलेजला पुन्हा रुजू झाले. आबा आले नाहीत. नंतरच्या एकाही फोनमध्ये त्यांनी तो विषय काढला नाही. जेवलीस का, बरं हाय, ठेव. मग मीही नाही काढला. सुगत एकदा त्यांना फोन लावायला निघाला होता, मी त्याचा हात धरला. मी सांगितलंय. परत भीक मागायची नाही. निपाणीत दुसऱ्या कुणाच्या कानावरही घालायचं नाही, अशी शपथ घातली त्याला.

माझ्या दहावीच्या प्रत्येक पेपरला हाच माणूस वखारीतली पाळी सोडून शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात बसायचा. अंगाला तंबाखूचा वास, मांडीवर माझा डबा. तो माणूस कुठे गेला?

६ नोव्हेंबर

कॉलेजात वादविवाद स्पर्धा. विषय— मोबाइल : गरज की चैन? परीक्षक मी. दुसरं कोण सापडणार!

गरज म्हणणाऱ्यांनी मोबाइलवर बघून भाषण वाचलं. चैन म्हणणाऱ्यांनीही मोबाइलवर बघूनच वाचलं. मोबाइल हा माणसाचा शत्रू आहे म्हणणाऱ्या मुलाचा मोबाइल मध्येच बंद पडला आणि तो "शत्रू आहे... शत्रू आहे..." करत उभा राहिला. त्याला पहिला नंबर द्यावा असं खूप मनात आलं. दिला नाही.

शेवटी "मॅडम, दोन शब्द" झालंच. काय सांगावं सुचेना, म्हणून आमच्या सुरुवातीच्या फोनचं सांगितलं. पोरं खो खो हसली. त्यांना वाटलं मी रचून सांगतेय.

रचून कशाला सांगू? माझी पहिली नोकरी कोल्हापूरला. पहिल्या पगारातून आबांना हँडसेट घेऊन दिला होता. हिरवट उजेडाचा, विटेएवढा जाड. आबा तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि चालताना वरून हातानं धरून ठेवायचे. माझं कार्ड महाराष्ट्राचं, त्यांचं कर्नाटकाचं. मी शनिवारी घरी निघाले की सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे माझं रोमिंग सुरू. त्यांचं तर घरात बसल्या बसल्या व्हायचं! आमच्या गच्चीवर एका कोपऱ्यात कर्नाटक आणि दुसऱ्या कोपऱ्यात महाराष्ट्र. बोलता बोलता आबा चार पावलं सरकले की गेले परराज्यात. आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, आमचा बॅलन्स आधी संपायचा.

म्हणून आबांनी नियमच केला होता. एक मिस्ड कॉल म्हणजे पोचले. दोन म्हणजे फोन कर. आणि फोन लागलाच तर बोलणं झालं की ठेवायचं. काय सांगायचं ते आधी ठरवायचं, एका दमात सांगायचं. पलीकडच्यानं व्हय व्हय म्हणायचं आणि ठेवायचं. एकदा मी चुकून मिस्ड कॉल उचलला तर केवढे ओरडले होते! "उचललास कशाला? आता पोचलो त्याचंबी पैसं!"

आता रोमिंग गेलं. दिवसभर बोला, फुकट. नियम मात्र तसाच राहिला, आम्ही दोघांनीही तो कधी मोडला नाही. मुलगी मरणाच्या दारात उभी आहे म्हणून तरी मोडावा की नाही माणसानं?

९ नोव्हेंबर

आबांचा फोन नाही. येणार कुठून, फोन मंगलच्या फडताळात आहे!

१२ नोव्हेंबर

आज या मोबाइलनं डोकं फिरवलं. हजेरी आता ॲपवर लावायची, ॲप स्टाफरूममध्ये चालत नाही, म्हणून आम्ही सगळे प्राध्यापक खिडकीपाशी हात वर करून उभे. माझा डावा हात वर जात नाही. उजवा करून उभी राहिले. बँकेत ओटीपी, गॅसला ओटीपी, कुरियरवाल्याला ओटीपी. स्टाफच्या ग्रुपवर पहाटे पाचपासून गुलाबाची फुलं.

दुपारी हॉस्पिटलचा मेसेज, कन्नडमध्ये. आमच्याकडचा तुमचा अनुभव कसा होता? मशिनसुद्धा विचारतं, बाई, तुझं कसं होतं! आणि माझा बाप विचारत नाही.

गरज कुणाला आहे याची? ज्यांना बोलायचं नसतं त्यांना. समोर बसून "बरं झालं" म्हणायची आबांची छाती झाली नसती. फोन होता म्हणून म्हणता आलं. सुगतला हे सांगितलं तर तो म्हणतो, "मग परत केला ते बरंच झालं की." त्यानंही बरं झालं म्हणायचं! जेवले नाही.

१५ नोव्हेंबर

उद्या जाते निपाणीला. भांडायलाच जाते. सुगत गाडीनं सोडतो म्हणाला, नको म्हटलं. त्याच्यासमोर मला नीट भांडता येत नाही.

१६ नोव्हेंबर

लिहायला हात वळत नाही, पण लिहिते.

बसनं गेले. हायवेची धूळ खात अकराला पोचले. दार उघडंच होतं. आबा दाराकडे पाठ करून सतरंजीवर शेंगा फोडत बसलेले. "आबा!" वळले नाहीत. पुन्हा हाक मारली. ढिम्म. एवढा राग! मुलगी चार महिन्यांनी उंबऱ्यात उभी आहे आणि हा माणूस शेंगा फोडतोय! तिसरी हाक मी किंचाळूनच मारली असेन. तरी शेंगा चालूच. तरातरा पुढे गेले आणि मंगलकडून घेतलेला फोन त्यांच्यापुढे आपटला.

आबा केवढ्यानं दचकले. मग मला बघून चेहरा असा काही फुलला की माझं ठरवलेलं पहिलं वाक्यच गेलं.

"कवा आलीस गं? वाळलीस किती!"

"फोन का परत केला?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मी पुन्हा विचारलं, एकेक शब्द तोडून.

"नको त्ये," म्हणाले. "त्येच्यात काय कळत न्हाय. नुसती माशी गुणगुणल्यागत हुतंय. आन् फोन हाय म्हणून तू बी यीनास. म्हटलं, परत दिला की भांडायला तरी येशील."

"कळत नाही म्हणजे?"

मागून मंगल हसली. "ऐकू कुठं येतंय आबास्नी? दोन वरसं झाली की! आमी समदी वरडूनच बोलतो. तुमाला ठाव न्हाय व्हय?"

नव्हतं ठाऊक. समोर असले की ते माझ्या ओठांवरून ओळखत होते, टीव्ही मोठा असायचा तो मला म्हातारपणाचा वाटला. आणि फोनवर आम्ही बोलतच किती होतो? एका दमात सांगायचं, व्हय व्हय, ठेव. त्यात बहिरेपण कळणार कुणाला!

"मग व्हय व्हय कशाला म्हणत होता?" मी ओरडून विचारलं.

आबांना प्रश्नच नवीन वाटला. शेंगेचं टरफल बाजूला टाकत म्हणाले, "मग काय म्हणू? खिशात थरथरलं की तूच. तू काय तरी चांगलंच सांगत असणार की."

मला तिथे बसवेना. चहा करते म्हणून आत गेले आणि मोरीपाशी उभी राहून रडले. राग कुणावर धरून बसले होते मी? त्या माणसाला काही माहीतच नाही! काहीच नाही. त्यांच्या लेखी मी जुलैत कसली तरी चांगली बातमी दिली आणि मग यायची बंद झाले.

आज सांगता आलं नाही. मंगल दारात, समोरच्या बायका ओट्यावर. पाचच्या बसनं परत आले.

१७ नोव्हेंबर

सुगत म्हणतो कागदावर लिहून दे. आबा वाचतात, रात्रशाळेत शिकलेत. पण ते 'कॅन्सर' हा शब्द अक्षर लावत लावत वाचणार आणि मी समोर बसून बघणार? नाही जमायचं मला.

मग म्हणतो, आधी कान तपासू, यंत्र घेऊ. घेऊच. पण यंत्र लावल्यावर पहिलं वाक्य हेच ऐकायचं का त्यांनी?

न सांगताही चालेल, असंही आज मनात येऊन गेलं. मी बरी आहे, डॉक्टर म्हणतात. कशाला सांगायचं? पण मग आबा माझ्या मनात कायम "बरं झालं"वरच राहणार. ते मला नको आहे. मला माझा बाप परत हवा आहे, मग ओरडून सांगताना गल्लीनं काय ऐकायचं ते ऐको.

२३ नोव्हेंबर

सांगितलं. कानाशी तोंड नेऊन, ओरडून, जुलैपासूनचं सगळं. मंगल पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. समोरच्या ओट्यावरचं बोलणं थांबलं. आबांनी माझा डावा हात दोन्ही हातांत घेतला. मग विचारलं, "तू फोनवर सांगितलंस तवा मी काय म्हनलो गं?"

"धीर दिला, आबा," मी ओरडले. "लई धीर दिला तुमी!"