जोडाखालची रेघ

अप्पा, गेल्या रविवारी मी एका मुलीबरोबर जुनी सायकल बघायला गेले होते. आमच्या ऑफिसात नवी लागलेली पोरगी आहे, शर्यतीत उतरते, आणि मलाही कधीकाळी तो नाद होता हे तिला कुणीतरी सांगितलं. सायकल अ‍ॅल्युमिनियमची, दोन वर्षं वापरून विकायला काढलेली. विकणारा गिअरचं कौतुक सांगत होता आणि मी दुखरे गुडघे घेऊन खाली बसून हँडलखालच्या जोडावरून अंगठ्याचं नख फिरवत होते. सांगाडा धड होता. उंची तिच्या अंगाला जुळत होती, चाकं डुगडुगत नव्हती. घे म्हटलं. परत येताना तिनं विचारलं, असं नखानं बघायला तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या अप्पांनी. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी तुमच्याबद्दल चांगलं बोलावं लागलं की माझं तोंड कडू होतं.

हे देवनागरीत लिहिते आहे. तुम्हाला ती येत नव्हती. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्या घरात मराठी पत्रंही तमिळ अक्षरांत लिहायची पद्धत. मी पुण्याला बदलीवर होते तेव्हा दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले, आणि तिथल्या लोकांनी माझ्या बोलण्याला हसून हसून माझी भाषाही बरीच सरळ करून टाकली.

नखाचं शिक्षण कालव्यावर झालं. तुमच्याकडे पाण्याच्या लोखंडी दारांची देखरेख. सुट्टीच्या दिवशी मोपेडवर मागं बसवून न्यायचात, दोन्ही बाजूंना भात, मध्ये ती अरुंद वाट. एकदा नवं दार बसवायला आणलं होतं. रंग ओला असावा असा चकचकीत. तुम्ही उकिडवे बसलात, एकेका जोडावरून नख नेलंत, आणि एका जागी थांबलात; जोडाला तडा असला की रंगावरूनही नख तिथं अडकतं. कंत्राटदार म्हणाला, रंगाचा ओघळ आहे सार. तुम्ही ते दार परत पाठवलंत. पाणी सोडायला चारच दिवस उरले होते, वरचे साहेब चिडले होते, कंत्राटदार केळ्यांचा घड घेऊन घरी आला तर तो घडही दारातूनच माघारी गेला. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. माझे अप्पा कुणाच्या बापाला भीत नाहीत असं मी शाळेत सगळ्यांना सांगितलं.

कॉलेजात गेले तेव्हा मी तुमच्याच जुन्या काळ्या सायकलवर जिल्ह्याच्या शर्यतीत दुसरी आले. आमच्या खेळाच्या सरांनी सांगितलं, विद्यापीठाच्या शर्यतीत पहिल्या तिघींत आलीस तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळेल, पण या लोखंडाच्या धुडावर ते जमायचं नाही. त्यांनी आपली स्वतःची पोलादी रेसिंग सायकल देऊ केली. जुनी, जड, पण निर्दोष. पोलाद तुटण्याआधी वाकतं, कुणीही वेल्डर ते जोडून देतो; अ‍ॅल्युमिनियम सांगून तुटत नाही आणि एकदा गेलं की या गावात ते कुणी जोडणार नाही, हेही त्यांनी बजावलं. पण तुम्ही म्हणालात, थांब, राजवाड्यामागच्या गल्लीत एकांकडे सिंगापूरची अ‍ॅल्युमिनियमची सायकल आहे, मुलानं परत येताना आणलेली, ती बघू. ती वर्षंच तशी होती. गावात केबल आली होती, जो तो परदेशी वस्तूकडे डोळे लावून होता, आणि मीही त्याच टीव्हीवर गोऱ्या लोकांना डोंगर चढताना बघून वेडी झाले होते.

निघायच्या वेळी तुमची थोरली, अक्का, रेशमी साडी नेसून बाहेर आली. आईनं तिच्या वेणीत मल्लिगैची फुलं माळली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या मराठी लोकांची घरं मोजकी. रीतसर बघायला जावं आणि जमू नये, तर त्याच माणसांना पुढची तीस वर्षं प्रत्येक लग्नात तोंड दाखवायचं. म्हणून आपल्यात काहीतरी निमित्त काढतात, पुस्तक परत करायचं, लोणचं द्यायचं. या वेळी निमित्त माझी सायकल होती. मी सायकल बघायला निघाले होते, तुम्ही जावई.

ती सायकल ओट्यावर उभी आहे, लाल. मुलाचे वडील सांगताहेत की त्यांचा थोरला तिथं रोज चालवायचा, एक ओरखडा नाही. आत अक्कासमोर कॉफी ठेवलीय, धाकटा, लग्नाचा मुलगा दारातून बघितल्यासारखं न करता बघतोय. मी दोन बोटांवर पुढचं चाक उचलते आणि ते उचललं जातं. मग खाली बसून सांगाडा बघते. तुम्हीही धोतर सावरून माझ्याशेजारी बसता. तुमचं नख खालच्या नळीवरून वर जातं, हँडलखालच्या जोडापाशी येतं, आणि थांबतं. मला ते थांबणं ठाऊक आहे. तुम्ही पुन्हा एकदा तेवढ्याच जागेवरून नख नेता. नंतर उठता, रुमालानं हात पुसता, आणि आतल्या दाराकडे बघत सायकलीबद्दल म्हणता, "वंडी चांगली आहे हो. घेऊन जातो."

त्यांच्या वस्तूला खोट काढणं म्हणजे त्यांच्या घराला खोट काढणं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कंत्राटदाराचं दार परत पाठवणारा माणूस माझ्या वेळी कुठं गेला? मला वाटतं तुम्ही मनात म्हणालात, ही किती दिवस चालवणार, लग्न होईपर्यंत. पोरीचा नाद, त्याला एवढीशी रेघ काय करते. शेतात पाणी शिरण्याची तुम्हाला काळजी होती, माझी नव्हती.

पाच आठवडे ती सायकल वाऱ्यासारखी पळाली. सहाव्या आठवड्यात, विद्यापीठाच्या शर्यतीत, शेवटचे चार मैल राहिले असताना आणि माझ्या पुढं एकच मुलगी असताना, रस्त्यातल्या एका उंचवट्यावर हँडल माझ्या हातात आलं आणि बाकीची सायकल मागं राहिली. गळ्याजवळचं हाड, खांदा, पुढचे दोन दात. नोकरी गेली हे मला रस्त्यावर पडल्या पडल्याच कळलं होतं. अजून माझा डावा हात डोक्याच्या वर जात नाही. केस विंचरताना रोज कळतं.

तेही मी गिळलं असतं. पण चौथ्या दिवशी अक्काच्या होऊ घातलेल्या सासरचे लोक दवाखान्यात आले. मुलाचे वडील अवघडून उभे होते. सायकलीत काही दोष होता का, त्यांनी अगदी हळू विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, अप्पा. आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "छे हो, तिचीच चूक. रस्ता बघून वंडी चालवित नाही ती." मला तोंड उघडता येत नव्हतं, ओठाला टाके होते. तुम्ही मला हो म्हणून मान हलवायला लावलीत. मी हलवली.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. फोटोत मी गळ्यातल्या झोळीत हात अडकवून, तोंड मिटून उभी आहे. अक्का सुखात आहे, नवरा तिला फुलासारखी जपतो, त्यामुळे मला रागही मोकळेपणानं धरता येत नाही. तुमच्याशी मी नंतर कामापुरतं बोलले. तुम्हीही कधी विषय काढला नाहीत. शेवटच्या आजारात एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणायला गेलात आणि मी औषध आणायच्या निमित्तानं उठले.

तुमचे दिवस झाल्यावर मी अक्काला सगळं सांगितलं. ती रडली. म्हणाली, माझ्या लग्नापायी त्यांनी तुझा हात मोडला. तेव्हापासून ती मला लेकरासारखं वागवते. दिवाळीला पहिली साडी मला, आंब्यांची पहिली पेटी मला. बसमधून उतरले की माझी पिशवी माझ्या डाव्या हातात राहू देत नाही. तुमच्या फोटोला हार घालायचं मात्र तिनं सोडलं, आणि मी तिला कधी घाल म्हटलं नाही.

वर एक गोष्ट मी गाळली आहे. त्या ओट्यावर तुमच्या आधी मी खाली बसले होते. माझं नख त्या जागी अडकलं होतं. नुसतं अडकलं नव्हतं, मी मान वाकवून रंगाखालची रेघ बघितलीही होती, केसाएवढी, अर्ध्या बोटाची. ती कसली हे मला तुमच्याइतकंच कळत होतं. पण चाक दोन बोटांवर उचललं गेलं होतं आणि सरांची जड सायकल मला नको होती. तुम्ही नख थांबवून माझ्याकडे बघितलंत, अप्पा. बघितलंत, मला आठवतं. तुम्ही विचारत होतात. मी हसून म्हटलं, घेऊ या ना.

हे पत्र अक्काला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसले होते. आता दाखवणार नाही. या वयात ती माझी पिशवी उचलते, ते सोडायची माझी तयारी नाही.